केमोच्या दोन डोसांमधले दिवस : पांढऱ्या पेशी, ताप आणि हळदीच्या कॅप्सूल

प्रश्न (सांगली)
माझे वय 52 आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मिरजेत माझी केमो सुरू झाली असून, दर 21 दिवसांनी एक याप्रमाणे आधी डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फामाइडचे चार डोस आणि नंतर पॅक्लिटॅक्सेल असे ठरले आहे. पहिल्या डोसचा आज दहावा दिवस. मळमळ थांबली, जेवण जाऊ लागले, आणि नेमक्या आताच पांढऱ्या पेशी खूप उतरल्याचा रिपोर्ट आला. बरे वाटत असताना असे का व्हावे? रात्री ताप आलाच, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबता येईल का? शिवाय आमच्या गावात हळदीला तोटा नसल्यामुळे भेटायला आलेल्या पाहुण्यांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलचे दोन डबे आणून ठेवले आहेत. त्या घ्याव्यात का?

उत्तर (मिरज, निवृत्त परिचारिका)
ताई, केमोची ही औषधे कर्करोगाची पेशी नेमकी ओळखून मारत नाहीत. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर त्यांचा घाव बसतो, आणि केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांतल्या पेशीही तशाच असतात. रक्तात आधीपासून असलेल्या पांढऱ्या पेशी काही दिवसांत संपतात, मज्जेतून नव्या मात्र लगेच येत नाहीत, म्हणून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत गणना तळाला जाते. ती भरून यावी यासाठीच तर मधले अंतर ठेवतात.

तापाच्या बाबतीत मात्र सकाळची वाट अजिबात पाहू नका. पारा 100.4 फॅरनहाइटला पोहोचला की रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जायचे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतुसंसर्ग तसाच राहतो. आणि पांढऱ्या पेशीच नसल्यावर पू किंवा सूज नीट दिसत नाही, त्यामुळे पुष्कळदा ताप ही एकच खूण हाती असते. शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला उशीर झाला तर जिवावर बेतू शकते. केमोची फाइल दाराजवळच ठेवा.

उत्तर (कराड)
हाच क्रम मी पूर्ण केला आहे. पहिल्या डोसनंतर लघवी लाल झाली तेव्हा मी घाबरून सगळ्यांना उठवले होते. तो डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाचाच रंग होता आणि दुसऱ्या दिवशी गेला. केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी उशीवर दिसू लागतात. पॅक्लिटॅक्सेलमध्ये माझी बोटे इतकी बधिर झाली की ब्लाउजचा हूक बोटांना लागतच नसे, आरशात पाहून लावावा लागे. मी ते किरकोळ समजून दोन डोस सांगितलेच नाही, ही माझी चूक झाली. बधिरपणा वाढत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात.

उत्तर (तासगाव)
आमटीतली हळद खुशाल खा. कॅप्सूल मात्र बंदच ठेवा, कारण त्यांत अर्क कितीतरी पटींनी अधिक असतो आणि त्यामुळे औषधांच्या कामात बाधा येऊ शकते. डबे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. पाहुण्यांना काय सांगायचे, हा प्रश्न आमच्याकडे औषधापेक्षा अवघड ठरला होता. सध्या कच्ची मोड आलेली कडधान्ये टाळा, आणि द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याशिवाय खाऊ नका.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. डबे कपाटात गेले, थर्मामीटर उशाशी आला. आत्ता 98.8 आहे.