रस्त्याची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) माहिती अधिकारात मागायची आहे, मसुदा तपासून द्याल का?

सहकारनगर_१७
सोसायटीसमोरच्या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची कागदपत्रं पुणे महापालिकेकडून काढायची आहेत. कच्चा मसुदा असा:

"सदर काम निकृष्ट का झाले, त्यास जबाबदार कोण, त्यांच्यावर काय कारवाई करणार, तसेच गेल्या पाच वर्षांत प्रभागात झालेल्या सर्व कामांची संपूर्ण माहिती मिळावी."

सोसायटीच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सही-शिक्क्याने देणार आहोत. काय बदलावं? आणि उत्तरासाठीचे ३० दिवस नक्की कुठून मोजायचे?

दप्तरबंद
या मसुद्याला येणारं उत्तर आत्ताच सांगतो: "मागितलेली माहिती प्रश्नार्थक व व्यापक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." आणि त्यात जन माहिती अधिकाऱ्याची (अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याची) फारशी चूकही नसेल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) प्रमाणे माहिती म्हणजे दप्तरात असलेला कागद, नकाशा, नमुना. "निकृष्ट का" याचं उत्तर कुठल्याच फाइलला लावलेलं नसतं, आणि ते नव्याने तयार करून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही.

म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. असं लिहा:

"(रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, कामाचं वर्ष) या कामाचे मंजूर पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, काँक्रीट क्यूबच्या २८ दिवसांच्या चाचणीचे अहवाल, अदा केलेली देयके आणि निविदेतील दोषदायित्व कालावधीच्या अटीचे पान यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात."

बास. (पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज, कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर, दोषदायित्व कालावधी म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत.) अर्जात कारण लिहू नका, कलम ६(२) प्रमाणे ते विचारताही येत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दोन विषय घातलेत तर पहिल्यापुरतं उत्तर देऊन बाकीच्यासाठी वेगळा अर्ज करा म्हणतात. तुमची 'पाच वर्षांतली सर्व कामं' तिथेच गळतील.

लेटरहेड नको. हक्क नागरिकाला आहे, त्यामुळे एका माणसाच्या नावाने, घरच्या पत्त्यावर अर्ज करा. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तुमचे ३० दिवस त्या शिक्क्यापासून. सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिलात तर ३५.

भिडे_पुलाखालून
वरचं सगळं बरोबर, पण लोक फसतात ते पैशाच्या पत्रात. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र निघतं: "१४० पाने, प्रतिपान २ रुपये, एकूण २८० रुपये भरावेत." कलम ७(३) प्रमाणे ते पत्र रवाना झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. घड्याळ थांबतं, शून्यावर जात नाही. भरल्यावर त्यांच्याकडे दोनच दिवस उरतात, हे कित्येक कार्यालयांच्याही लक्षात नसतं. पाकीट जपून ठेवा, कारण पत्रावरची तारीख आणि टपालाचा शिक्का यांत आठवड्याचं अंतर निघू शकतं.

३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागितले तर भरायचे नाहीत. कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत.

माझं मत विचाराल तर प्रती मागण्याआधी अवलोकन (कार्यालयात जाऊन कागद प्रत्यक्ष पाहणं) मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही. मोजमाप पुस्तिका समोर उघडल्यावर कोणती आठ पानं हवीत ते दिसतं, १४० च्या प्रती घ्याव्या लागत नाहीत. सोमवारी दुपारी ३ ते ५ अर्जाविना फाइल पाहू देण्याचं शासन परिपत्रकही आहे, नोव्हेंबर २०१८ चं. मोजमाप पुस्तिका बहुधा कनिष्ठ अभियंत्याच्या ताब्यात असते, म्हणून आधी विचारून जा.

सहकारनगर_१७
"अभिलेख आढळून येत नाही" असं कळवलं तर?

दप्तरबंद
तो कायदेशीर नकार ठरत नाही. कलम ८ च्या अपवादांत 'सापडत नाही' असा अपवाद नाही. पहिल्या अपिलात दोनच गोष्टी मागा: फाइल नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या नोंदवहीचा उतारा, आणि नसेल तर शोध घेऊन लेखी अहवाल. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख करा. त्यात शिक्षेची तरतूद असल्यामुळे फाइल बऱ्याचदा सापडते. :)

पहिलं अपील जोडपत्र 'ब', २० रुपयांचं तिकीट, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. निर्णय ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५. दुसरं अपील ९० दिवसांत, जोडपत्र 'क', राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे रांग मोठी असते, म्हणून खरा जोर पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच लावा. मात्र प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे दंड मागू नका, त्याला तो अधिकारच नाही. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० हा दंड फक्त आयोग लावतो. कनिष्ठ अभियंत्याने कागद दिला नाही असं निघालं तर कलम ५(५) प्रमाणे तोही जन माहिती अधिकारी समजला जातो, हे अपिलात जरूर लिहा.

खडकी_लोकल
एक पुरवणी, पुण्यात हमखास होणाऱ्या चुकीबद्दल. रस्ता कॅन्टोन्मेंट हद्दीत असेल (पुणे, खडकी किंवा देहू रोड) तर वरची जोडपत्रं आणि तिकिटं चालत नाहीत. कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखाली, म्हणून तिथे केंद्राचे २०१२ चे नियम. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, शब्दमर्यादा ५००, पहिल्या अपिलाला शुल्क नाही, आणि दुसरं अपील दिल्लीला केंद्रीय माहिती आयोगाकडे. रेल्वेचंही तसंच.

सहकारनगर_१७
आमचा रस्ता महापालिकेचाच. आधी अवलोकनाचा अर्ज टाकतो, अध्यक्षांच्या स्वतःच्या नावाने.

भिडे_पुलाखालून
अवलोकनाच्या अर्जात "टिपणे घेणे व मोबाइलवर छायाचित्रे काढणे यास परवानगी द्यावी" ही ओळ घाला. कलम २(ञ) मध्ये टिपणं घेणं स्पष्ट लिहिलंय, छायाचित्रावर मात्र ऐनवेळी वाद घालतात.