ओमानच्या आखातात जपानी विनाशिका: 'पाहणी व संशोधन' हा आधार पुरेसा होता का?

मूळ मांडणी

२७ डिसेंबर २०१९ रोजी जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांच्या मंत्रिमंडळाने आत्मसंरक्षण दलाची (जपानच्या सैन्याची) एक विनाशिका आणि दोन पी-३सी गस्ती विमाने पश्चिम आशियात कामगिरीवर लावण्याचा निर्णय घेतला. जपानचे सुमारे ९० टक्के खनिज तेल त्या प्रदेशातून येते, आणि १३ जून २०१९ रोजी, खुद्द आबे तेहरानच्या दौऱ्यावर असताना, ओमानच्या आखातात 'कोकुका करेजियस' या जपानी कंपनीच्या टँकरवर हल्ला झाला होता. सरकारची काळजी खरी होती, याबद्दल मला शंका नाही.

माझा आक्षेप नौका पाठवण्याला नसून, ती कोणत्या वाटेने पाठवली याला आहे. सरकारने आधार घेतला तो संरक्षण मंत्रालयाच्या स्थापना कायद्यातील 'पाहणी व संशोधन', म्हणजे माहिती गोळा करण्याच्या, तरतुदीचा, जिला संसदेची मंजुरी लागत नाही. इराकमधील समावा येथे २००४ साली तुकडी पाठवण्यापूर्वी निदान स्वतंत्र कायदा करून त्यावर संसदेत मतदान झाले होते. ज्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा हक्क कायमचा सोडला आहे, तिच्याखाली सशस्त्र नौका परदेशी समुद्रात धाडायची तर लोकप्रतिनिधींचे मत घेणे ही केवळ औपचारिकता मानता येणार नाही.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांशी मी असहमत आहे. त्या निर्णयाच्या मर्यादा पाहाव्यात: ओमानचे आखात, अरबी समुद्राचा उत्तर भाग आणि एडनचे आखात एवढेच कार्यक्षेत्र होते, होर्मुझची सामुद्रधुनी आणि इराणचे आखात जाणीवपूर्वक वगळले होते. जपान अमेरिकेच्या नेतृत्वाखालील गस्ती आघाडीत सामील झाला नाही. निर्णयाच्या आठवडाभर आधी, २० डिसेंबरला, इराणचे अध्यक्ष रूहानी टोकियोत आले असता आबे यांनी ही योजना त्यांना समोरासमोर सांगितली. मुदत एक वर्षाची होती आणि ती वाढवायची तर मंत्रिमंडळाने पुन्हा निर्णय घेऊन संसदेला कळवणे बंधनकारक होते. इतके हातचे राखून केलेल्या तैनातीला पळवाट म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद २

वरील दोघांनीही मूळ अडचण बाजूला ठेवली आहे. प्रसंग ओढवलाच तर 'सागरी सुरक्षा कारवाई'चा आदेश काढून जहाजांचे रक्षण करू, असे सरकार सांगत होते. परंतु त्या आदेशाखालीही बळाचा वापर करता येतो तो जपानी ध्वज लावलेल्या जहाजासाठी. 'कोकुका करेजियस'वर ध्वज होता पनामाचा. म्हणजे ज्या हल्ल्याचे उदाहरण देऊन तैनाती पटवून दिली, तोच हल्ला विनाशिकेच्या डोळ्यांदेखत पुन्हा झाला असता, तर तिच्या कप्तानाला टँकरजवळ जाता आले असते, ध्वनिवर्धकावरून हल्लेखोरांना इशारा देता आला असता, पण गोळी झाडता आली नसती. जनतेला रक्षणाचे आश्वासन द्यायचे आणि जवानांना ते पाळण्याचा अधिकार द्यायचा नाही, यात सर्वांत मोठी जोखीम त्या जवानांनाच उचलावी लागते.

प्रतिसाद १

ध्वजाचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावरून तैनाती निरुपयोगी ठरत नाही. कोणत्या पट्ट्यात संशयास्पद हालचाल आहे हे जहाज कंपन्यांना वेळेत कळले, तर गोळी झाडण्याची वेळच येत नाही, आणि ही माहिती दुसऱ्याच्या भरवशावर न राहता स्वतः मिळवणे हेही संरक्षणच आहे.

धागाकर्ता

माहितीचे महत्त्व मान्य. परंतु बहारीनमधील अमेरिकी नौदलाच्या मुख्यालयात जपानने संपर्क अधिकारीही नेमला होता. अशा स्थितीत आघाडीपासून राखलेले अंतर तेहरानला कितपत खरे वाटले असेल? शिवाय ३ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेने बगदादमध्ये इराणी सेनापती कासिम सुलेमानींना ठार केले, आणि मंत्रिमंडळाने ज्या परिस्थितीत निर्णय घेतला होता ती आठवड्याभरातच पालटली. 'ताकानामी' विनाशिका योकोसुकाहून निघाली ती २ फेब्रुवारीला. २० जानेवारीपासून संसदेचे अधिवेशन सुरू होते. सरकारची बाजू इतकी भक्कम होती, तर त्या दोन आठवड्यांत ती मतदानाला टाकण्यात अडचण कोणती होती, एवढे माझ्या विरोधकांनी सांगावे.