धडकेनंतरच्या दुरुस्तीपासून एमएम ५४० घाटात तापते आणि मध्येच बंद पडते

प्रश्न : देवरुखची ५४०

नमस्कार. माझ्याकडे १९९७ सालची महिंद्र एमएम ५४० आहे आणि तिचे इंजिन मूळचेच, म्हणजे प्युजोचे २११२ सीसीचे डिझेल आहे. गेल्या पावसाळ्यात साखरप्याच्या अलीकडे आडव्या आलेल्या गायीला वाचवताना गाडी जांभ्याच्या गडग्यावर गेली. बंपर, जाळी, रेडिएटर आणि उजवा मडगार्ड कामातून गेले, चॅसीचे पुढचे एक टोकही वाकले. जवळच्या एका गॅरेजमध्ये पत्राकाम, रंगकाम आणि नवा रेडिएटर असे सगळे मिळून सव्वा महिना गाडी होती.

घरी आणल्यापासून दोन तक्रारी सुरू झाल्या, ज्या अपघाताआधी कधीही नव्हत्या. आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे जातो आणि माथ्यावर सपाटी लागली की खाली येतो. त्याशिवाय, पंचवीस-तीस मिनिटे सलग चालवल्यावर इंजिनाची ओढ हळूहळू कमी होते, ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी उचलत नाही आणि शेवटी बंद पडते. अर्धा तास थांबलो की पहिल्याच सेलला, काहीच न झाल्यासारखी सुरू होते. एकदा तर पालीच्या सपाट रस्त्यावर, काटा अगदी मध्यावर असताना बंद पडली. गॅरेजवाले म्हणतात की इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि नोझल गेले असून ₹२८,००० खर्च येईल. होकार द्यावा का?

उत्तर : चिपळूणचा डिझेल मेकॅनिक

इतक्यात पंपाला हात लावू देऊ नका. पालीचा प्रसंग आपण लिहिलात हे फार बरे झाले, कारण काटा मध्यावर असताना गाडी बंद पडते याचा अर्थ तापणे आणि बंद पडणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हींचा एकच इलाज शोधत बसलो तर पैसे जातात.

आधी बंद पडण्याविषयी. झिजलेला पंप अर्धा तास विश्रांती घेऊन बरा होत नाही. इंजिन गरम असताना त्याचा त्रास होतो खरा, पण तेव्हा गाडी सुरू करायलाच जड जाते, चालता चालता अशी हळूहळू मरत नाही. डिझेलच्या पाइपमध्ये कुठून तरी हवा शिरत असेल, तर एकदा बंद पडलेली गाडी बहुधा नुसती थांबून सुरू होत नाही, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढावी लागते. आपली गाडी मात्र केवळ थांबल्याने सुरू होते, म्हणजे डिझेल येण्याची वाट कुठेतरी सावकाश आवळली जाते आणि थांबल्यावर आपोआप मोकळी होते. असे करणारी पहिली संशयित वस्तू म्हणजे टाकीचे झाकण. डिझेल जसजसे खर्च होते तसतशी त्याच्या जागी बाहेरची हवा टाकीत यावी लागते. ती येण्याचे छिद्र बुजले, तर आत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. अपघातानंतर झाकण बदलले आहे का, किंवा त्यावर रंग मारला आहे का, ते आठवून पाहा.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की सेल मारण्याआधी खाली उतरा, टाकीचे झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा ‘सुस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर ₹२८,००० वाचले असे समजा.

तसे नसेल, तर इंजिन बंद करण्याची ओढायची केबल पाहा. बॉनेटजवळ मार बसला की तिचे आवरण मुडपते आणि पंपावरची दांडी पूर्ण मागे जात नाही. मग ओढ कमी पडते.

उत्तर : सावंतवाडी ते आंबोली

तापण्याबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण माझी जुनी जीप रेडिएटर बदलल्यावर आंबोलीच्या चढावर अशीच तापत असे. मी थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप उघडला, आणि अखेर कळले की पंख्याभोवतीचे कडे, ज्याला मेकॅनिक काउल म्हणतात, ते गॅरेजवाल्याने परत बसवलेलेच नव्हते. महामार्गावर समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तो वारा नसतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. कडे नसले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. पंखा उलटा बसला आहे का, हेही पाहून घ्यावे. उलटा बसवल्याने हवेची दिशा बदलत नाही, पण जोर बराच घटतो.

उत्तर : गुहागर

हेड गॅस्केटही, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचे सीलही, पाहून घ्या. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर काउल शोधण्यात वेळ घालवू नये.

पुन्हा : देवरुखची ५४०

सर्वांचे आभार. काल दाभोळ्याच्या पुढे गाडी बंद पडली. झाकणाला चावी लावून पाव फेरा दिला तोच आवाज आला, आणि इतका मोठा की शेजारी बसलेल्या भाच्याने टायर फुटला म्हणून खाली वाकून पाहिले. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली.

अपघातात जुन्या झाकणाची चावी हरवली म्हणून गॅरेजने नवे झाकण दिले होते, हे मी साफ विसरलो होतो. ते दिसायला अगदी जुन्यासारखेच आहे, मात्र त्याला आतल्या बाजूने छिद्रच नाही. जुने झाकण पडवीत, वाकलेल्या बंपरच्या गोणीत सापडले; तेच कुलूप न लावता बसवून आज साखरप्यापासून मलकापूरपर्यंत न थांबता गेलो.

बुडबुडे नाहीत. काउल मात्र खरोखरच नाही. गॅरेजमध्ये विचारले तेव्हा ते छतावर सापडले, पण नवा रेडिएटर जुन्यापेक्षा दोन बोटे अरुंद असल्यामुळे त्याची भोके जुळत नाहीत, म्हणूनच ते बाजूला ठेवले गेले असावे. लोहाराकडून दोन पट्ट्या करून घेत आहे. पंपाचे काम करणार नाही, असे गॅरेजला कळवले आहे.

उत्तर : चिपळूणचा डिझेल मेकॅनिक

पट्ट्या बसवताना पंख्याची पाती आणि कडे यांत सगळीकडून बोटभर जागा राहू द्या. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या रबरांवर डोलते, आणि आपल्या गाडीची रबरे धडकेनंतर बदललेली दिसत नाहीत.