शब्दकोडं अडलंय, घरटे की अभयारण्य? मदत हवी आहे

भटकीचिमणी: सकाळपासून एकाच कोपऱ्यात अडकलेय, कोणीतरी पटकन सांगा. आडवा ९ पाखरांचा निवारा, मी घरटे लिहिलं. उभा ६ शिकारीला बंदी असलेलं रान, ते अभयारण्यच असणार, पण दोन्ही एकमेकांत बसतच नाहीयेत. कुठलं खोडू?

शब्दखुळा: चौकोन किती? छेदतात कुठे?

सुमतीमावशी: आसरा टाकून बघ गं, तीन अक्षरी आहे.

भटकीचिमणी: आडवा तीन, उभा पाच. आडव्याचा शेवटचा तोच उभ्याचा चौथा, म्हणजे र. मावशी, र हवाय, रा नाही चालणार.

रिकामावेळ: अभयारण्य सहा होतं ना, ण आणि य वेगळे धरून? तेच खोडा.

शब्दखुळा: नाही हो, जोडाक्षराला एकच चौकोन. अ-भ-या-र-ण्य, पाचच.

जुनामास्तर: पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांचं, २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये आलं, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं, मधे पोकळ, आणि नाव होतं वर्ड-क्रॉस. हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

शब्दखुळा: मास्तर, प्रश्न आडव्या ९ चा आहे. चिमणी, छापलंय तसंच्या तसं लिहा बघू.

भटकीचिमणी: 'झाडाच्या खोडातला पाखरांचा निवारा'. मी थोडक्यात लिहिलं होतं.

शब्दखुळा: अहो खोडातला हेच तर महत्त्वाचं! घरटं फांदीवर पण असतं. खोडातली पोकळी म्हणजे कोटर.

रानवाटा: ढोली म्हणतात हो त्याला, कोटर कोण बोलतं? धनेशाची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि नर तिथून तिला भरवत राहतो, अंड्यांना याहून सुरक्षित जागा मी तरी पाहिली नाही.

शब्दखुळा: ढोलीत दोनच अक्षरं आणि शेवटी र नाही. चिमणी, पहिल्या चौकोनातून खाली काय जातं?

भटकीचिमणी: उभा ९, 'धान्य सुरक्षित ठेवायची जागा', तीन चौकोन, घ वरून काही सुचतच नव्हतं म्हणून सोडून दिलेलं... को म्हणजे कोठार!! बसलं सगळं, खूप खूप आभार.

सुमतीमावशी: कणगी पण चाललं असतं.

शब्दखुळा: मावशी, को पासून हवं.

भटकीचिमणी: आता शेवटचा राहिलाय, उभा १४, दोन चौकोन, 'बेघराला हा हवा', दुसरं अक्षर रा.

सुमतीमावशी: थारा.

भटकीचिमणी: मावशी, बसला!