बोर्डाचं बटण बंद केलं की पंख्याचा रिमोट चालत नाही, रात्री दिवा आपोआप लागतो

सेलूची सून:
नमस्कार. आम्ही सेलूला राहतो, परभणी जिल्हा. सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) न्हाणीत घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. त्या माळवदाच्या (मातीच्या धाब्याच्या) खोलीत झोपतात, उन्हाळ्यात घरात तेवढीच खोली थंड. बोर्ड दारापाशी आणि पलंग पार समोरच्या भिंतीला. पहाटे गार लागलं तरी मला हाक मारत नाहीत, "पोरीची झोप कशाला मोडायची" म्हणून भिंत धरून स्वतःच उठतात. मला त्याचीच धास्ती. म्हणून खाली दिवा असलेला रिमोटचा बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणारा नवा प्रकार) आणला.

पण आता वेगळाच ताप. रिमोट कधी घेतो, कधी घेत नाही. पंखा मधेच घरघरतो, थांबतो, परत सुरू होतो. मुलं सवयीनं जाताना दाराचं बटण बंद करतात, मग आत्या रिमोट दाबत बसतात. लाईट नुसती लपझप झाली तरी पंखा हळू होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्री लाईट जाऊन आली की पंख्याचा दिवा फक्कन लागतो. परवा दोन वाजता लागला, त्या दचकून उठायला गेल्या. मी वेळेवर पोचले. पंखा परत करावा का?

लातूरचा वायरमन:
ताई, परत करू नका. आधी एक सांगा, बोर्डावर जुना रेग्युलेटर तसाच आहे का?

सेलूची सून:
हो. बसवणाऱ्यानं पाचवर ठेवून दिलाय आणि हात लावू नका म्हणाला.

लातूरचा वायरमन:
मग घरघर त्याचीच. बीएलडीसी पंख्याच्या आत स्वतःचा सर्किट बोर्ड असतो, तो आलेल्या एसीचा डीसी करून मोटर फिरवतो. त्याला न कापलेली, सरळ वीज लागते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर करंटची लाट कापून पुढं पाठवतो, म्हणून आतला बोर्ड गोंधळतो, पुढं जळतोही. कपॅसिटरवाला रेग्युलेटर पाचवर सरळ जोडला जातो हे खरं, पण घरात मुलं आहेत, कुणीतरी फिरवणारच. रेग्युलेटर काढून वायर सरळ जोडून घ्या. मेन बंद करूनच.

वेग बदलतो तो बिघाड नाही. बऱ्याच मॉडेलात रिमोट हरवला तर बटण पटकन बंद-चालू करून वेग बदलायची सोय दिलेली असते. लाईट लपझपली की पंख्याला वाटतं तुम्ही बटण दाबलं. इन्व्हर्टरवर घेतला तर हे बरंच कमी होईल.

बटणाचं म्हणाल तर रिमोट हा बोर्डाच्या पुढचा माणूस. मागून वीजच आली नाही तर तो काय करणार? त्या बटणावर चिकटपट्टी लावा, नाहीतर बटण काढून तिथं कोरी पट्टी बसवा. पण मग पंख्यासाठी वेगळा एमसीबी (मेन बोर्डातला खटका) हवा, दुरुस्तीला पूर्ण बंद करता आला पाहिजे.

नांदेडकर:
आमच्या वडिलांना अर्धांग झाला तेव्हा हेच सगळं केलं. दिवा पंख्यात नको, ताई. लाईट आल्यावर दिवा लागावा की नाही हे कंपनीनं ठरवलेलं असतं. माहितीपत्रकात बघा, काही पंखे आधीची स्थिती लक्षात ठेवतात, काही नाही. आम्ही भिंतीवर ५ वॅटचा वेगळा बल्ब लावला आणि टू-वे केलं, एक बटण दारात, एक उशापाशी. जिन्याच्या दिव्यासारखंच. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा, सेलबिल काही नाही. उशाचं बटण हात लांबवावा न लागता पोचेल एवढ्या उंचीवर घ्या, आमचं पहिल्यांदा चार बोटं वर बसवलं होतं, ते खाली आणावं लागलं.

इन्व्हर्टरचं वायरमनदादा बरोबर सांगतायत. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, हा जोरात ३०च्या आसपास. रात्रभर लाईट नसली तर हा फरक बॅटरीला चांगलाच जाणवतो.

रिमोट बिघडला वाटला तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. इन्फ्रारेडचा असेल तर टोकाचा दिवा स्क्रीनवर जांभळट चमकतो. चमकला की रिमोट ठीक, दोष पंख्याकडं.

सेलूची सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावातल्या वायरमनला बोलावलं. रेग्युलेटर काढला, घरघर त्याच क्षणी थांबली. माळवदाला पट्टी फिटिंग आहे, त्यामुळे उशापाशी बटण घेताना वायर वाढवायला काही फोडावं लागलं नाही, लाकडी सराच्या (तुळईच्या) कडेनं नेली.

एक गोष्ट मात्र बघून पोटात गोळा आला. जुन्या दिव्याचं बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परत नेणारी तार) होतं. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज. एवढी वर्षं आम्ही बटण बंद करून बल्ब बदलत होतो! तेही बदलून घेतलं. ज्यांच्या घरात जुनी फिटिंग आहे त्यांनी टेस्टरनं बघून घ्या, कृपा करून.

पंख्यातला दिवा लाईट आल्यावर लागतोच, माहितीपत्रकात त्यावर काही इलाज नाही. वायरमन म्हणाला पंखा उघडला तर वॉरंटी जाईल, म्हणून सध्या त्यावर जाड कागद चिकटवलाय. हा दिवा कायमचा तोडता येतो का, वॉरंटी न घालवता? कुणी केलं असेल तर सांगा.

रिमोटला नाडी बांधून पलंगाच्या कठड्याला अडकवलाय. आज पहाटे आत्यांनी पंखा झोपूनच कमी केला, मी जागीच होते.

लातूरचा वायरमन:
कागद आजच काढा ताई, दिवा त्याच्याखाली तापतो. वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिसवाल्यालाच बोलवा, दिव्याचा कनेक्टर आतून काढून द्या म्हणावं. आणि त्यानं काय केलं ते पावतीवर लिहून घ्या.