दीर्घ आणि आनंदी आयुष्यासाठी उद्दिष्ट खरोखरच हवे का?

चर्चाप्रस्ताव : शब्दवेल

काम सुटले की माणूस खचतो, असे आपण सहज बोलून जातो. त्यात कितपत तथ्य आहे, याचा विचार व्हावा म्हणून हा विषय मांडत आहे. जपानमधील ओसाकी येथे ४३ हजारांहून अधिक प्रौढांना अन्य प्रश्नांबरोबर ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का?’, म्हणजे ज्यासाठी जगावेसे वाटते असे काही आहे का, हे विचारण्यात आले आणि पुढे सात वर्षे त्यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट होता. हा फरक हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत दिसला, कर्करोगात मात्र दिसला नाही. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक लोकांवर १४ वर्षे लक्ष ठेवून केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हाच कल आढळला आणि तो तरुणांनाही लागू होता. म्हणून माझे मत असे की आहार आणि व्यायामाची आपण जेवढी काळजी वाहतो, तेवढीच ‘मी कशासाठी जगतो’ या प्रश्नाचीही वाहिली पाहिजे, आणि तीही साठीची वाट न पाहता.

प्रतिसाद : तर्कदीप

आकडे मान्य आहेत, निष्कर्ष मात्र मान्य नाही. ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याला रात्री शांत झोप लागते आणि ज्याच्या गाठीशी चार पैसे आहेत, त्यालाच उद्दिष्ट सुचते. शरीर आतून पोखरले जात असलेल्या माणसाचा उत्साह निदान होण्याच्या कितीतरी आधीच मावळू लागतो. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? ब्रिटनमधील सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले, आधीचे आजारपण, धूम्रपान वगैरे बाबी हिशेबात घेतल्यावर आनंदी असण्याचा आणि मृत्यूच्या प्रमाणाचा संबंध उरला नाही. आजार माणसाला दुःखी करतो. दुःख माणसाला मारते असे त्यातून दिसले नाही.

मला त्याहून जास्त खुपते ते वेगळेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘जगण्याचे ध्येय शोधा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या आजाराचा दोष त्याच्याच माथी मारणे होय.

प्रतिसाद : शब्दवेल

ब्रिटनमधील पाहणी आनंदाविषयी होती, उद्दिष्टाविषयी नव्हे, आणि या दोहोंत मोठे अंतर आहे. तान्ह्या बाळासाठी रात्र रात्र जागणारी आई त्या घटकेला आनंदी असेलच असे नाही, पण आपण कशासाठी जागतो आहोत हे तिला पक्के ठाऊक असते. कारण आणि परिणामाचा आपला आक्षेप मात्र वजनदार आहे. निरीक्षणावर आधारलेले अभ्यास तो पुरता खोडून काढू शकत नाहीत.

तरीही १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा प्रयोग येथे विचारात घ्यावा. वृद्धाश्रमातील एका गटाला आपले निर्णय आपण घ्या असे सांगून प्रत्येकाला सांभाळण्यासाठी एक रोप दिले. दुसऱ्या गटालाही रोपे मिळाली, पण त्यांना पाणी घालण्याचे काम कर्मचाऱ्यांकडे राहिले. काही आठवड्यांतच पहिल्या गटातील माणसे अधिक तरतरीत आणि हालती-फिरती दिसू लागली.

प्रतिसाद : मंदाकिनी

तर्कदीप यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा उल्लेख केला, म्हणून लिहिते. माझ्या आत्याची उजवी बाजू पक्षाघाताने गेली. तिची एक नात वाचताना अडखळते. ती रोज संध्याकाळी फोनवरून आत्याला धडा वाचून दाखवते. आत्या दुपारीच तो धडा उशीवर टेकवून ठेवते आणि मुलगी जेथे अडेल अशा शब्दांखाली डाव्या हाताने, वेड्यावाकड्या का होईना, रेघा ओढते. फोनला उशीर झाला तर चिडते. तिचे आयुष्य त्यामुळे वाढेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण तिची दुपार आता भिंतीकडे पाहण्यात जात नाही, आणि माझ्या दृष्टीने ‘आनंदी आयुष्य’ या शब्दांत एवढे नक्कीच बसते. हे ध्येय तिने शोधले नव्हते, त्या मुलीची गरज तिच्यापर्यंत चालत आली.

प्रतिसाद : तर्कदीप

रोपांच्या प्रयोगातील माणसे शंभरही नव्हती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. मंदाकिनी यांचे शेवटचे वाक्य मात्र मला पूर्ण पटते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते मूळ प्रस्तावाच्या विरोधात जाते. उद्दिष्ट ही एकट्याने बसून शोधण्याची वस्तू असेल, तर ज्यांना ते सापडत नाही त्यांच्यावर नापासाचा शिक्का बसतो. ते दुसऱ्याच्या गरजेतून येत असेल, तर जबाबदारी घरच्यांची आणि समाजाचीही ठरते. त्यातही मन रमावे म्हणून हाती दिलेले लुटुपुटुचे काम उपयोगाचे नाही, कारण आपल्याला गुंतवून ठेवले जात आहे हे वृद्धांना लगेच कळते. आत्या चिडतात, कारण त्यांच्यावाचून त्या मुलीचे वाचन खरोखरच अडते. वृद्धांना काम सोपवताना, त्यांनी ते केले नाही तर कोणाचे काही अडणार आहे का, एवढे आधी तपासावे.