आजीच्या तन्मणीचे मोती पिवळे पडले आहेत, सोड्याने धुवावेत का?

लॉकरवाली:
आजीचा तन्मणी आणि मोत्यांच्या कुड्या गेली १२ वर्षे बँकेच्या लॉकरमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोन्याच्या पाटल्यांसोबत पडून होत्या. भाचीच्या लग्नासाठी बाहेर काढल्या, तेव्हा मोती पिवळसर आणि निस्तेज दिसले, शिवाय एका सराचा दोराही सैल झाला आहे. शेजारच्या काकू खाण्याचा सोडा सुचवतात, सासूबाई रिठ्याचा आग्रह धरतात, तर एका मैत्रिणीने टूथपेस्टने घासायला सांगितले. यांपैकी काय करावे?

शिंपलाप्रेमी:
कृपया तिन्हींपैकी काहीही करू नका. मोती म्हणजे शिंपल्यातील जिवाने थरावर थर चढवून केलेले कॅल्शियम कार्बोनेट, त्यात थोडे प्रथिन आणि थोडे पाणी असते. त्यामुळे लिंबू, चिंच किंवा घाम यांतील आम्लाने त्याचा पृष्ठभाग झिजतो, आणि रिठ्याचे पाणीही किंचित आम्लधर्मीच असते. मोहस् मापनश्रेणीवर मोत्याची कठीणता जेमतेम २.५ ते ४.५ असल्याने टूथपेस्ट किंवा सोड्याची पूड त्यावर ओरखडे उठवते, आणि एकदा गेलेली झिलई परत येत नाही. पाटल्यांशेजारी ठेवल्यानेही तेच होते. मऊ सुती कापड अगदी किंचित ओले करून एकेक मोती पुसावा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपावा. तन्मणी पाण्यात बुडवू नये, कारण भोकांत राहिलेल्या ओलाव्याने रेशमी दोरा कुजतो आणि खोडातील (मधल्या पदकातील) खड्यांमागे डांक (चकाकीसाठीचा पातळ धातूचा वर्ख) लावलेली असेल तर ती काळवंडते.

लॉकरवाली:
पुसल्यावर मळ निघाला, पण पिवळी छटा कायम आहे. मानेजवळचे मोती मात्र सर्वांत निस्तेज दिसतात.

शिंपलाप्रेमी:
मानेजवळ घाम आणि अत्तर सर्वाधिक लागते, म्हणून तसे झाले असावे. उरलेला पिवळेपणा हा मळ नव्हे. मोत्यातील प्रथिन वयानुसार पिवळे पडते, आणि इराणी आखातातून आलेल्या जुन्या बसरा मोत्यांना तर मुळातच सायीसारखी छटा असते. ते पांढरे करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती मोती देऊ नका.

नथवेडी:
दोऱ्याविषयी थोडे सांगते. सैल सर लग्नात घालू नका. रेशमावर सर गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडून आधी तो नव्याने ओवून घ्या. नायलॉनचा दोरा टिकाऊ वाटतो, पण सर ताठ पडतो आणि तन्मणीचा लफ्फेदारपणा जातो (हे माझे मत, आमच्या घरी यावर एकमत नाही). देण्यापूर्वी प्रत्येक सराचे मोती समोरासमोर मोजा आणि छायाचित्र काढून ठेवा. परत आल्यावर मलमलीत गुंडाळून वेगळ्या डबीत, आडवाच ठेवा, कारण टांगला की दोरा ताणला जातो. लॉकरमधील हवा फार कोरडी असेल तर मोत्यांना बारीक तडे जातात, म्हणून वर्षातून दोन-तीनदा काढून घालत जा.

लॉकरवाली:
मोजले. चार सरांत मिळून १८६ मोती आहेत, आणि एक पिशवीच्या तळाशी सुटा सापडला. सोमवारी पटवेकऱ्याकडे जाते.